घरात एकच पोर, तरी किल्ला: कोजागरी ते तुळशीचं लग्न

दिवाळी तोंडावर आली की ओळखीपाळखीत तीन तक्रारी हमखास कानावर येतात. अळीव उगवला नाही. गोणपाट घसरलं. आणि तिसरी, जी जरा दबक्या आवाजात सांगतात: किल्ला झक्कास झालाय, पण पोर तिकडं ढुंकूनही बघत नाही.

पहिल्या दोन्हींचे उपाय खाली येतीलच. तिसरीचं कारण बहुतेक घरांत एकच असतं. तो किल्ला पोराचा नसतो, बापाचा असतो. ज्या घरात तीन-चार पोरं आहेत तिथं किल्ला कसाही होतो. एक माती मळतं, एक भांडतं, एक पळून जातं आणि उरलेलं सगळ्यांच्या नावानं ओरडत काम पुरं करतं. एकट्या पोराला ही सगळी कामं एकट्यानं करायची असतात, भांडणसुद्धा. म्हणून मोठी माणसं दया येऊन मदतीला उतरतात आणि खेळ संपतो.

माझंही असंच झालं होतं. कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या वाड्यात मी एकटीच पोर. एका वर्षी बाबांनी किल्ला मनावर घेतला. कारंजं, दिव्यांची माळ, कापसाचे ढग, काही सोडलं नाही. सगळ्या किल्ल्यात माझा हात लागला तो फक्त विहिरीच्या कडेला, तोही "फ्रॉक सांभाळ" हे ऐकत. गल्लीनं बाबांचं कौतुक केलं. मी मागं धुण्याच्या दगडाजवळ चार विटा रचून दुसरा किल्ला केला. तो बघायला कुणी आलं नाही, पण सुट्टीभर मी तिथंच होते.

आता आमच्या घरात एक आठ वर्षांची लेक आहे, आणि तीही एकटीच. खालचा क्रम चार वर्षं चुकून चुकून बसवलेला आहे.

टप्पा १: माती आणायच्या आधी कामं वाटून घ्या

मोठ्या माणसाची कामं एवढीच: जड उचलणं, गोणपाट कापणं, बाजारातून सामान आणणं आणि बोलावल्यावर हजर होणं. बाकी सगळं पोराचं. गड कुठला, दरवाजा कुठं, विहीर किती खोल, हे तेच ठरवणार. घरात धाकटं भावंड नाही, तर ती जागा तुम्ही घ्या. धाकट्याला किल्ल्यात कुणी सल्ला विचारत नाही, त्याला "पाणी आण" म्हणतात. तेवढंच व्हायचं.

हे बोलायला सोपं आहे. बुरूज वाकडा झालेला दिसला की हात शिवशिवतात. मी अशा वेळी कपडे वाळत घालायला जाते.

*तपासून बघा:* काम अर्धं झालं की विचारा, "ह्या बुरुजावर कोण राहतं?" उत्तर ताबडतोब आलं तर ठीक. पोरानं उत्तरासाठी तुमच्या तोंडाकडं बघितलं, तर किल्ला तुमचा झालाय. दोन पावलं मागं सरा.

टप्पा २: दिवस उलटे मोजा

कोजागरी ते वसुबारस साधारण १२ दिवस मिळतात. बहुतेक जण शेवटच्या तीन दिवसांत सगळं कोंबतात आणि ओल्या चिखलावर मावळे उभे करतात. संध्याकाळपर्यंत निम्मी फौज कमरेपर्यंत रुतलेली असते.

कोजागरीनंतरचा हिशोब असा:

- दिवस १: कागदावर नकाशा
- दिवस २: माती चाळून भिजत घालणं
- दिवस ३: विटांचा सांगाडा, गोणपाट, पहिला हात
- दिवस ४: काही करायचं नाही, वाळू द्यायचं
- दिवस ५: भेगा भरणं, तट, बुरूज
- दिवस ६: पेरणी
- दिवस ७ ते ११: पाणी, रंग, दुरुस्ती
- दिवस १२, म्हणजे वसुबारस: मावळे गडावर

नेमकी ह्याच दिवसांत सहामाही परीक्षा येते. घाबरू नका. तिसरा आणि पाचवा दिवस सोडला तर रोजचं काम अर्ध्या तासाच्या वर जात नाही. त्यातला एक तरी दिवस रविवारला गाठून घ्या, बाकीचे मागंपुढं सरकवा. चौथा दिवस मात्र खाऊ नका. सगळ्यात जास्त किल्ले तिथंच बिघडतात.

टप्पा ३: एकदा गडावर जाऊन या

पन्हाळा आपल्यापासून २० किलोमीटरवर, एस. टी. जाते, तरी पोरं किल्ला करतात तो मोबाईलवरचं चित्र बघून. दसरा झाल्यावरचा पहिला रविवार धरा. सोबत वही, पेन्सिल आणि पाण्याची बाटली.

चूक इथंही होते. लोक पोराला अख्खा गड फिरवतात. तटाचाच फेरा सुमारे सात किलोमीटरचा. पोर दमतं आणि त्याला शेवटी फक्त कणीस लक्षात राहतं. तीनच जागा निवडा. मी तीन दरवाजा, त्याच्या शेजारची अंधारबाव ही विहीर आणि अंबरखाना म्हणजे धान्याचं कोठार घेते, कारण तिन्ही मातीत करता येतात. अंधारबावेचे एकाखाली एक मजले, अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती ह्या तीन कोठ्या. पोरानं त्या पावलांनी मोजाव्यात आणि वहीत स्वतः काढाव्यात. चित्र कसंही येऊ दे. इतिहास तिथं उभ्यानं शिकवत बसू नका. ते विचारेल तेवढंच सांगा.

टप्पा ४: जागा

अंगण असेल तर चार फूट बाय तीन फूट पुरे. फ्लॅटात तीन बाय दोन. त्याहून मोठा केला तर एकट्या पोराचा हात मधल्या बालेकिल्ल्यापर्यंत पोचत नाही, मग ते तटावर गुडघा टेकतं आणि तट जातो. मापाची पद्धत सोपी: पोराला जागेच्या कडेला उकिडवं बसवा, हात पुढं करायला लावा. बोटं मध्यापर्यंत पोचली पाहिजेत.

खाली आधी जाड प्लॅस्टिकचा कागद, त्याच्या कडा विटेवर दुमडलेल्या. नाहीतर तांबडं पाणी खालच्या मजल्यावर उतरतं आणि दिवाळीचा फराळ द्यायला त्यांच्याकडं जायची पंचाईत होते.

*सावध:* गॅलरीत किल्ला कठड्याला चिकटून कधीच करू नका. पोर किल्ल्यावर पाय देऊन कठड्याबाहेर वाकतं. भिंतीच्या बाजूलाच करा.

टप्पा ५: सामान

- माती: तांबडी दोन भाग, काळी एक भाग. अंगणातल्या किल्ल्याला सहा-सात घमेली, फ्लॅटातल्याला तीन. नुसती काळी माती वाळली की फाटते. पंचगंगेकाठचं शेत उन्हाळ्यात बघितलंय त्याला सांगायला नको. नुसती तांबडी चिकटून राहत नाही.
- भाताचं पिंजर, बोटभर लांबीचे तुकडे करून, दोन ओंजळी
- विटा १५-२०, फुटक्या चालतात
- तागाचं गोणपाट, दोन
- अळीव ५० ग्रॅम, मोहरी मूठभर
- गेरू, रांगोळी, खराट्याच्या काड्या, नारळाच्या दोन-तीन करवंट्या, एक स्टीलचा पेला, पाणी मारायची फवाऱ्याची बाटली

गोणपाट लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानात मागितलं तर मिळतं. खताचं किंवा सिमेंटचं प्लॅस्टिकचं पोतं घेऊ नका. त्याच्यावर चिखल धरत नाही, वाळला की पापुद्र्यासारखा सुटतो. "गोणपाट घसरलं" म्हणणाऱ्यांकडं जाऊन बघा, दहातल्या आठांनी प्लॅस्टिकचं पोतं वापरलेलं असतं.

सिमेंट नको, प्लास्टर नको. त्याच्यावर अळीव येत नाही, आणि दिवाळीनंतर पोराच्या हातानं ते मोडत नाही.

मावळे शाहूपुरीच्या किंवा पापाच्या तिकटीजवळच्या कुंभार गल्लीत स्वतः पोरानं निवडावेत. ठरावीक पैसे हातात द्या आणि लांब उभ्या राहा. आमच्या लेकीनं एका वर्षी सगळ्या पैशांचे गवळणी आणि बैल घेतले. मावळा एकच. तो वर्षभर गडाचा किल्लेदार, हवालदार आणि पहारेकरी होता. काही बिघडलं नाही.

टप्पा ६: सांगाडा आणि गोणपाट

माती आदल्या रात्री चाळून पाण्यात भिजत घाला. सकाळी त्याचे दोन वाटे करा. एक पातळ, भज्याच्या पिठाएवढं. दुसरं घट्ट, भाकरीच्या पिठाएवढं, त्यात पिंजराचे तुकडे. पिंजर भेगा आवरून धरतं, ते विसरू नका. मळायचं काम पायानं होऊ द्या. आठ वर्षांचं पोर ह्या कामाला नाही म्हणत नाही.

विटा उभ्या-आडव्या रचून डोंगराचा सांगाडा करा, मधे पोकळ. पोकळ ठेवला की वजन कमी होतं आणि माती कमी लागते. मागं भिंतीकडं सगळ्यात उंच, पुढं उतरता. मोठ्या माणसानं एकदा हलवून बघायचं. डुगडुगली तर आत्ताच बसवा, चिखल पडल्यावर काही करता येत नाही.

मग गोणपाट पातळ चिखलात बुडवा. बुडवून बाहेर काढलं की लगेच टाकू नका. एक टोक तुम्ही धरा, एक पोराला धरू द्या आणि पिळा, ओली चादर पिळतो तसं. चिखल तागात मुरला पाहिजे, बाहेर ठिबकता कामा नये. अंगावर शिंतोडे उडतील. जुने कपडे घालायला इथंच आठवतं, म्हणून आधी सांगते.

पिळलेलं गोणपाट सांगाड्यावर टाका आणि ओढून ताणू नका. ताणलं की तंबू होतो. सैल सोडा, सुरकुत्या पडू द्या, त्या बोटांनी दाबून खोल करा. त्याच सुरकुत्या म्हणजे तुमच्या घळी आणि सोंडा. वरून घट्ट मातीचा बोटभर थर, खालून वर लावत न्यायचा. वरून खाली लावला तर माती घसरत येऊन पायथ्याशी ढीग होतो.

ह्यानंतर किल्ल्याला एक दिवस हात लावायचा नाही. परतीच्या पावसाचा नेम नसतो. अंगणात असेल तर रात्री वर ताडपत्री, पण चारी बाजूंनी बंद करू नका, वारा खेळू द्या.

*तपासून बघा:* दुसऱ्या दिवशी बोटानं दाबा. ठसा उमटला पण बोटाला माती लागली नाही, तर पुढं जा.

टप्पा ७: भेगा, तट, बुरूज

भेगा पडतातच. कोरडी माती भरू नका, ती गळून पडते. भेगेच्या कडा आधी ओल्या करा, मग पातळ चिखल बोटानं आत ढकला. हे काम पोराला एकट्याला द्या आणि खोलीतून बाहेर पडा. माझ्या लेकीला मी दाराआडून ऐकलंय: एका आवाजात ती भेगेला दटावते, दुसऱ्या आवाजात भेग उत्तर देते. एकदा मी म्हटलं, "थांब, मी भरून देते." तर म्हणाली, "नको, मी करतो की! तू जा." (आमच्याकडं पोरीही "करतो"च म्हणतात.) गेले.

अशा वेळी मोबाईल काढून शूटिंग करू नका. पोराचा दुसरा आवाज तिथल्या तिथं बंद पडतो आणि पुन्हा लवकर येत नाही.

बुरुजासाठी स्टीलच्या पेल्याला आतून राख चोळा, घट्ट माती दाबून भरा, पालथा घालून बुडावर टिचकी मारा. राख नसेल तर कोरडी माती चालते. तटासाठी मातीच्या वळकट्या एकावर एक. त्या हातानं सपाट करून खराट्याच्या काडीनं दगडांच्या रेघा ओढायच्या, त्याच काडीनं जंग्यांची, म्हणजे तटातून बंदुका रोखायची, भोकं पाडायची. करवंटी पुरून विहीर. अंधारबाव करायची हौस असेल तर मोठी करवंटी खाली, लहान वर, मधे काड्यांचा मजला.

दरवाजा पोरं नेहमी शेवटी करतात आणि मग तो मावळ्यापेक्षा लहान होतो. आधी मावळा ठेवून उंची बघा, मग कमान करा.

टप्पा ८: पेरणी

वसुबारसेच्या सहा दिवस आधी. दहा दिवस आधी पेरलं तर अळीव उंच वाढून आडवा होतो आणि पाडव्याला पिवळा पडतो. दोन दिवस आधी पेरलं तर किल्ल्यावर नुसते ठिपके दिसतात.

अळीव भिजत घालू नका. भिजला की त्याला चिकट बुळबुळीत थर सुटतो, दाणे एकमेकांना धरून गोळा होतो आणि मग एका जागी झुपका, बाकी डोंगर टक्कल. उतारावर फवाऱ्यानं पाणी मारा, कोरडा अळीव चिमटीनं, मीठ भुरभुरवतो तसा टाका. तो ओल्या मातीला आपला आपण चिकटतो, म्हणून चढाला अळीव आणि सपाटीला मोहरी. वरून पुन्हा हलका फवारा आणि जुना सुती कपडा ओला करून पांघरा. दोन दिवसांनी पांढरे कोंब दिसले की कपडा काढायचा. उशीर केला तर कोंब कपड्याला अडकून निघतात.

तांब्यानं पाणी ओतू नका. "उगवलाच नाही" म्हणणाऱ्यांचा अळीव बहुतेक वेळा पायथ्याच्या डबक्यात उगवलेला असतो.

*सावध:* बी स्वयंपाकघरातलंच घ्या. शेतीच्या दुकानातल्या बियाण्याला औषध लावलेलं असतं, आणि पोर पेरलेले हात तोंडात घालतं.

तट, बुरूज, वाटा ह्यांवर पेरू नका. मुळं तट फोडतात. तटाला गेरूचा हात, वाटांना रांगोळी. चुना पोराच्या हातात देऊ नका, कातडी भाजते.

टप्पा ९: मावळे चढले, आता खेळा

बहुतेक घरांत किल्ला इथं संपतो. मावळे मांडले, पणती लावली, फोटो काढला. एकट्या पोरासाठी खरी गोष्ट इथून सुरू व्हायला हवी, आणि समोर गडी नसताना ती चालली पाहिजे. आम्ही १६६० चा जुलै खेळतो: सिद्दी जौहरचा वेढा, रात्रीचा पाऊस, पालखी विशाळगडाकडं. सामान: एक फासा, खडू, पाच मावळे, पालखीसाठी काडेपेटी, सिद्दीच्या फौजेसाठी एक बटण.

१. किल्ल्याच्या पायथ्यापासून फरशीवर खडूनं ३० घरं आखा. शेवटी चपलांचा रिकामा खोका, तो विशाळगड. २० वं घर म्हणजे घोडखिंड.

२. पालखी पाचव्या घरात, बटण गडाच्या पायथ्याशी, पहिल्या घराच्या बाहेर. एकदा पालखीसाठी फासा, एकदा बटणासाठी, आळीपाळीनं. दोन्ही पोरानंच टाकायचे.

३. बटणानं खिंडीच्या आधी पालखी गाठली तर डाव पहिल्यापासून.

४. पालखी २० वर आली की थांबते, जास्तीचं दान सोडून द्यायचं. इथं पाचातले किती मावळे मागं ठेवायचे ते ठरवायचं. एकदा ठरवलं की बदल नाही.

५. बटणही २० वर थांबतं, आणि तिथं जितके मावळे असतील तितकी त्याची दानं फुकट जातात.

६. पालखी खोक्यात पोचली की सोबत किती मावळे आले ते पाटीवर लिहायचं.

कमी ठेवले तर पालखी सापडते, जास्त ठेवले तर गडावर रिकाम्या हातानं जायचं. एका संध्याकाळी लेकीनं एकच मावळा ठेवला, तो तिचा एकुलता किल्लेदार, आणि बटणाला सलग दोनदा एक पडला. पालखी पोचली. ती धावत स्वयंपाकघरात आली, मी चकल्या तळत होते, आणि म्हणाली, "आई, त्यानं एकट्यानं धरलं." पुन्हा गेली.

तुम्हाला खेळायला बोलावलं तर बटण घ्या. आणि मुद्दाम हरू नका, कळतं त्यांना.

*सावध:* पणत्या पिंजरापासून हातभर लांब. फटाका किल्ल्यात लावायचा नाही, कितीही आग्रह झाला तरी.

टप्पा १०: दुसरी पोरं आली की

मामाची, शेजारची पोरं येतील. एकट्या पोराला तोवर किल्ल्यावर दुसऱ्याचा हात सोसायची सवय नसते, आणि पहिल्या दहा मिनिटांत रडारड होते. म्हणून आधीच एक माची "पाहुण्यांची" ठरवून ठेवा. तिथं कुणीही काहीही करावं, हलवावं, मोडावं. बाकी गडावर किल्लेदाराला विचारून. रडारड झाली तरी "मोठी आहेस ना, दे त्याला" म्हणू नका. ती मोठी नाही, एकटी आहे.

किल्ला स्पर्धेला द्यायचा का? पहिल्या दोन वर्षी देऊ नका, असं माझं मत. एकदा आम्ही दिला. परीक्षकांनी विचारलं, "बाबांनी केला का?" लेक तीन दिवस किल्ल्याजवळ गेली नाही.

टप्पा ११: मोडणं

तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवा. तोवर अळीव वाळतो, तट खचतो, पोराचं लक्षही उडालेलं असतं. तरीही पोर शाळेत गेल्यावर गुपचूप मोडू नका. हे मोठ्यांकडून सर्रास होतं. मोडायचा मान त्याचाच.

क्रम: आधी मावळे उतरवून ओल्या फडक्यानं पुसायचे (पाण्यात बुडवले तर रंग जातो), मग करवंट्या, मग वरून खाली माती. वाळलेली माती मोगरीनं फोडून, मुळं काढून, पोत्यात भरून सावलीत. पुढच्या वर्षी नवी अर्धीच लागते, आणि जुनी माती नव्यापेक्षा चांगली मळली जाते. गोणपाट झटकून उन्हात. विटा जिन्याखाली. नकाशाची वही पोराच्या कप्प्यात, आणि तिच्यात मागच्या पानावर, ह्या वर्षी कुठला बुरूज पडला आणि का, ते त्याच्याच अक्षरात.